मुंबईत शालेय समुपदेशक व्हायचंय? पदवीपासून पहिल्या नेमणुकीपर्यंतची वाट

मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलगी असो किंवा पंधरा वर्षं वर्गात शिकवून आता समुपदेशनाकडे वळू पाहणारी शिक्षिका, दोघींचा पहिला प्रश्न एकच असतो: याचं सर्टिफिकेट मिळतं कुठे? वकिलाला सनद मिळते, डॉक्टरला मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो. शालेय समुपदेशकासाठी आपल्याकडे असा एकच सरकारी परवाना अजून नाही. पूरक आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राने जो कायदा केला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक आहेत, त्यामुळे पुढे नोंदणी येणार हे धरून चाला. आज मात्र ‘सर्टिफाइड’ म्हणजे एक फाइल. मान्य पदवी, गरज असेल तिथे योग्य डिप्लोमा, आणि देखरेखीखाली मुलांबरोबर केलेल्या कामाचा सहीशिक्क्याचा पुरावा.

पुराव्यावर जोर देण्याचं कारण आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा किंवा जोडून घ्यावा, असं त्यात आहे. त्या व्यक्तीचं मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यातलं प्रशिक्षण दाखवता येण्यासारखं असावं, असंही म्हटलं आहे. पुढची प्रत्येक पायरी याच कसोटीवर तपासा: हे उद्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवता येईल का?

आधी शाळा ठरवा, मग कोर्स

बहुतेक जण उलटं करतात. जाहिरात बघून कोर्सला पैसे भरतात आणि नंतर कळतं की हव्या त्या शाळेत तो चालत नाही. मुंबईत एकाच रस्त्यावर राज्य मंडळाची, सीबीएसईची, आयसीएसईची आणि आयबीची (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाची) शाळा असते, आणि चौघींची अपेक्षा वेगळी असते.

सीबीएसईचं सगळ्यात स्पष्ट आहे. २०१८ च्या संलग्नता नियमावलीत कलम २.४.१२ प्रमाणे माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेने पूर्णवेळ ‘काउन्सेलर अँड वेलनेस टीचर’ नेमायचा होता. नववी ते बारावीत ३०० पेक्षा कमी विद्यार्थी असतील तर अर्धवेळ चालत असे. पात्रतेचे तीन रस्ते दिलेले होते: मानसशास्त्रात पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासात पदव्युत्तर पदवी, किंवा कुठल्याही विषयातली पदवी आणि त्यावर ‘करिअर गायडन्स अँड काउन्सेलिंग’चा डिप्लोमा. म्हणजे मानसशास्त्राच्या पदवीधराला या कलमासाठी डिप्लोमा लागत नव्हता. इतिहासात बीए केलेल्या शिक्षिकेला लागत असे, म्हणून डिप्लोम्याचं नाव चालेल का ते शाळेच्या कार्यालयात आधीच विचारून घ्या. जानेवारी २०२६ मध्ये मंडळाने हे कलम बदललं, म्हणून अर्ज करायच्या दिवशी मंडळाच्या संकेतस्थळावरचा ताजा मजकूर उघडून वाचा.

इथे एक उपयोगी युक्ती आहे. सीबीएसईच्या प्रत्येक शाळेला आपल्या संकेतस्थळावर ‘मॅंडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ नावाचं पान ठेवावं लागतं. त्यात शिक्षकांच्या माहितीखाली समुपदेशक आणि विशेष शिक्षक (दिव्यांग मुलांना शिकवणारे) यांच्यासाठी वेगळे रकाने असतात. घराजवळच्या दहा-बारा शाळांची ही पानं उघडलीत तर तासाभरात कळेल की कुठे जागा रिकामी आहे, कुठे एकाच शिक्षिकेवर दोन्ही कामं टाकली आहेत. जाहिरातीची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

केंद्रीय विद्यालयं (मुंबईत पवई आयआयटी, कुलाबा, मालाडचं आयएनएस हमला वगैरे) समुपदेशक कंत्राटावर घेतात. वर्ष सुरू होण्याआधी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, थेट मुलाखती होतात आणि त्यातून त्या वर्षापुरतं पॅनल तयार होतं. त्यांची नेहमीची अट म्हणजे मानसशास्त्रात बीए किंवा बीएस्सी आणि सोबत समुपदेशनातलं प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा. शाळेतल्या समुपदेशनाचा एका वर्षाचा अनुभव असेल तर प्राधान्य. इथे मानसशास्त्राच्या पदवीधरालाही डिप्लोम्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा सीबीएसईच्या कलमाशी असलेला फरक लक्षात ठेवा.

राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांत समुपदेशकाचं स्वतंत्र पद सहसा नसतं. तिथे काम मिळतं ते संस्थेच्या मानधनावर, एखाद्या स्वयंसेवी संस्थेमार्फत, किंवा आठवड्यातून दोन दिवस भेट देणारा समुपदेशक म्हणून. पैसे कमी, पण शिकायला मिळतं सगळ्यात जास्त, आणि मराठीतून काम करणाऱ्या माणसाची सगळ्यात जास्त गरज इथेच आहे. आयबी आणि केंब्रिजच्या शाळा बहुधा मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी मागतात आणि परदेशी प्रवेशांसाठी वेगळा माणूस ठेवतात. ते काम वेगळं आहे, त्याची समुपदेशनाशी गल्लत करू नका.

पदवीचं काय करायचं

बारावीनंतर सुरुवात करत असाल तर बीए मानसशास्त्र घ्या आणि पुढे एमए करायचंच हे ठरवून घ्या. नियमाने नुसती बीए चालते, पण अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अडचणी ऐकायला ती पुरत नाही, आणि मुंबईतल्या स्पर्धेतही पुरत नाही.

एमएसाठी मुंबईत चांगले पर्याय आहेत. देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) उपयोजित मानसशास्त्राच्या एमएत समुपदेशनाचं विशेषीकरण आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून सुरू होतो आणि त्या परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत, परीक्षा मार्चच्या आसपास असते. शेवटच्या वर्षाचा निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांची इथे गाडी चुकते, ती पुढच्या वर्षीच येते. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात उपयोजित मानसशास्त्र विभाग आणि त्याचं समुपदेशन केंद्र आहे. एसएनडीटीमध्ये चर्चगेटला मानसशास्त्र आणि जुहूला मानवविकास. मानवविकासाच्या पदवीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण लहान मुलांबरोबर काम करायचं असेल तर ती फार उपयोगाची आहे. फक्त प्रवेश घेतानाच विभागाकडून तुमच्या पदवीवर विषयाचं नाव कसं छापलं जाईल ते विचारून घ्या, कारण सीबीएसईच्या २०१८ च्या कलमात शब्द ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ असा होता.

नोकरी सांभाळून घरबसल्या एमए करण्याचा रस्ता आता बंद झाला आहे. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रात दूरशिक्षणाने आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश द्यायला मनाई केली. तरीही ‘घरून एमए सायकॉलॉजी’च्या जाहिराती दिसल्या तर पैसे भरू नका. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेल्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. न्यायालयाच्या तत्त्वांत सामाजिक कार्यकर्ता स्पष्टपणे आहे. सीबीएसई शाळेसाठी २०१८ च्या कलमाप्रमाणे करिअर गायडन्सचा डिप्लोमा जोडावा लागत असे, आता ताजं कलम बघून घ्या.

डिप्लोमा: कोणता खरा, कोणता कागद

शिक्षकांसाठी सगळ्यात भरवशाचा डिप्लोमा एनसीईआरटीचा आहे, ‘डिप्लोमा कोर्स इन गायडन्स अँड काउन्सेलिंग’. एक वर्षाचा, तीन टप्प्यांचा. पहिले सहा महिने घरी राहून अभ्यास आणि स्वाध्याय, मग तीन महिने केंद्रावर राहून प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग तीन महिने आपल्या गावी, आपल्या शाळेत इंटर्नशिप. महाराष्ट्र भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या क्षेत्रात येतो. जागा मोजक्या असतात आणि शिकवण्याची पदवी असलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांना झुकतं माप मिळतं. त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचूनच अर्ज करा.

यात बहुतेकांचं घोडं अडतं ते मधल्या तीन महिन्यांवर. भोपाळला राहायला जायचं म्हणजे संस्थेची रजा, घरची सोय आणि बदली शिक्षक, तिन्ही हवं. व्यवस्थापनाची लेखी परवानगी अर्जाच्या आधी घ्या. तोंडी ‘बघू आपण’वर निघालेल्यांना जूनमध्ये परत फिरावं लागतं आणि पहिल्या सहा महिन्यांचं काम वाया जातं.

इतर डिप्लोमे तपासायला अर्धा तास पुरतो. देणारी संस्था विद्यापीठ आहे का, आणि ते यूजीसीच्या यादीत आहे का? संस्था खासगी असेल तर डिप्लोम्यावर विद्यापीठाचा शिक्का आहे का, की फक्त संस्थेचाच? अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे तास किती, आणि त्या तासांवर सही करणारी व्यक्ती कोण? शेवटच्या प्रश्नाला ‘तुमची तुम्ही शाळा शोधा, आम्ही सही करून देऊ’ असं उत्तर आलं तर तो कोर्स सोडा. दोन शनिवार-रविवारचं ‘आंतरराष्ट्रीय सर्टिफाइड चाइल्ड काउन्सेलर’ किंवा ‘आयएसओ मानांकित’ ही विशेषणं पात्रता ठरवत नाहीत. आयएसओ हे संस्थेच्या कामकाजाचं मानांकन असतं, त्याने पदवी सिद्ध होत नाही. असे छोटे कोर्स शिकण्यासाठी करायला हरकत नाही, पण ते फाइलमध्ये शेवटी लावा.

आरसीआयबद्दल गोंधळ फार आहे, म्हणून सांगून टाकतो. भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने अपंगत्वाच्या क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी करते: चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक वगैरे. साधं समुपदेशनाचं एमए करून हा क्रमांक मिळत नाही, आणि शालेय समुपदेशकाला तो सक्तीचा नाही. जाहिरातीत ‘आरसीआय नोंदणी आवश्यक’ लिहिलं असेल तर बहुधा शाळेला विशेष शिक्षक हवा असतो. फोन करून विचारा. आणि नोंदणी नसताना स्वतःच्या नावापुढे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ कधीही लिहू नका, व्हॉट्सॲपच्या प्रोफाइलवरसुद्धा.

देखरेखीखालचे तास

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण पदवी असूनही मुलासमोर गोंधळणारे समुपदेशक इथेच घडतात आणि इथेच सुधारतात.

पहिल्या नेमणुकीआधी किमान १०० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष काम झालेलं असावं, असं आमचं ठाम मत आहे. त्यात वैयक्तिक सत्रं साधारण निम्मी, बाकी गटसत्रं, वर्गातलं निरीक्षण आणि पालकांच्या भेटी. दर आठ-दहा सत्रांमागे एक तास पर्यवेक्षकाबरोबर. पर्यवेक्षक म्हणजे मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी आणि मुलांबरोबर बऱ्याच वर्षांचं काम असलेली व्यक्ती. तुमच्याच वर्गातली दोन वर्षं पुढची मैत्रीण चालत नाही.

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवा. रकाने असे: तारीख, शाळा, इयत्ता, मुलाचा कोड, कामाचा प्रकार, मिनिटं, एक ओळ विषय, पर्यवेक्षकाची सही. मुलाचं नाव या वहीत कधीही नसावं. नोंद अशी दिसते:

१२ ऑगस्ट – इयत्ता ७ वी – कोड ०४ – वैयक्तिक – ४० मिनिटं – शाळेत यायला नकार, तिसरं सत्र. सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता चित्रात काढून घेतला, पोटात दुखायला कुठे सुरुवात होते ते त्याने स्वतः दाखवलं. आईची भेट शुक्रवारी.

एवढी ओळ पुरते. यातून पर्यवेक्षकाला कळतं की तुम्ही काय केलंत, आणि मुलाखतीत तुम्हाला सहा महिन्यांनी नेमकं आठवतं. याच्या उलट ‘समुपदेशन केले, मुलगा समाधानी’ अशी नोंद कशाचीच साक्ष देत नाही.

पर्यवेक्षणाला जाताना एका सत्रातली दहा मिनिटं जशीच्या तशी संवादात लिहून न्या: तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, मध्ये किती वेळ शांतता होती. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक या कागदावर लख्ख दिसते. मूल एक वाक्य बोलतं आणि समुपदेशक पाच बोलते. दुसरी चूक, ‘अभ्यास कर, सगळं ठीक होईल’ हा उपदेश. तिसरी, मुलाने रडायला सुरुवात केली की घाईने पाणी, रुमाल, विषय बदल. त्याला रडू द्यायला बळ लागतं, आणि ते बळ सरावानेच येतं.

सही महिन्याच्या महिन्याला घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम वही पुढे केली तर कुठलाही प्रामाणिक पर्यवेक्षक सही करणार नाही. अनुभवपत्र शाळेच्या लेटरहेडवर हवं. त्यात कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, कोणत्या इयत्ता, कामाचं स्वरूप आणि जावक क्रमांक असायला हवा. ‘सुमारे वर्षभर उत्तम काम केले’ या पत्राला पुढच्या शाळेत किंमत नसते.

कायदा तोंडपाठ हवा

मुलाखतीत पॉक्सो विचारतातच, पण त्यासाठी नव्हे, मुलांसाठी तो पाठ असावा. २०१२ च्या या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली, तर ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावीच लागते. न दिल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखासाठी ही कैद एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापिकांना सांगितलं म्हणजे तुमची जबाबदारी संपली, असं नाही. संस्था ‘आधी आतल्या आत चौकशी करू’ म्हणाली तरी नाही. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मूल सांगत असताना तपास करू नका. ‘नक्की का? पुन्हा सांग बघू’ हे शब्द टाळा. ऐका, विश्वास ठेवल्याचं सांगा, आणि ते गेल्यावर लगेच त्याचेच शब्द जसेच्या तसे, वेळ-तारखेसह लिहा. त्याने ‘शू करायची जागा’ म्हटलं असेल तर तेच लिहा, तुमचा शास्त्रीय शब्द नको. पालक पोलीस ठाण्याच्या नावाने घाबरतात. त्यांना कलम २४ सांगा: मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घेतात, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही. एवढं कळलं की अर्धी भीती जाते. चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन क्रमांक तुमच्या खोलीच्या दारावर मराठीत लावलेले असावेत.

गुप्ततेचं वाक्य पहिल्याच भेटीत बोलायचं असतं, ते आत्ताच तयार करून ठेवा. असं काहीसं:

“तू इथे जे बोलशील ते मी बाईंना किंवा घरी सांगत फिरणार नाही. पण तीन गोष्टी मी एकटी ठेवू शकत नाही. तू स्वतःला काही करून घेणार असशील, तू कोणाला इजा करणार असशील, किंवा कोणी तुला त्रास देत असेल. तेव्हा मी कोणाला आणि काय सांगणार आहे, ते आधी तुला सांगेन.”

हे वाक्य न बोलता ‘तुझं काहीच कुणाला सांगणार नाही’ असं वचन दिलं तर पहिल्याच गंभीर प्रसंगी ते मोडावं लागतं, आणि ते मूल पुन्हा कोणाही मोठ्या माणसाला काही सांगत नाही.

मुलाने जगणं नको झाल्याचं बोललं तर त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना त्याच दिवशी बोलवायचं, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवायचं. केईएम, नायर आणि सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. ‘सोमवारी बघू’ हा पर्याय नाही.

अध्ययन अक्षमता: मुंबईत रोज लागणारं काम

शाळेत रुजू झालात की पहिल्या महिन्यात कोणीतरी आई वही घेऊन येईल: “अभ्यास घेते तेव्हा तोंडी सगळं येतं, पेपरात भोपळा.” ही अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं) आहे का याचं निदान करणं तुमचं काम नाही. योग्य ठिकाणी, योग्य कागदांसह आणि वेळेत पाठवणं हे आहे.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो आणि घरचे ‘आळशी’ म्हणत असतात, असं फार वेळा निघतं. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, कानाच्या तपासणीसाठी तिथे पाठवता येतं. मग वर्गशिक्षकांकडून लेखी निरीक्षण, मागच्या दोन वर्षांचे निकाल, आणि मुलाच्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या वह्यांच्या प्रती गोळा करा. वही शुद्ध करून, पुन्हा लिहून आणू नका असं पालकांना स्पष्ट सांगा. प्रेमापोटी ते नेमकं तेच करतात.

हे घेऊन पालक सायन, नायर किंवा केईएमच्या केंद्रात जातात. तिथे बुद्ध्यांक आणि शैक्षणिक चाचण्या वेगवेगळ्या दिवशी होतात, त्यामुळे फेऱ्या अनेक होतात. घरी भोजपुरी, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी असं मुंबईतलं नेहमीचं मूल असेल तर घरची भाषा आणि शाळेत किती वर्षं मराठी शिकलं ते तुमच्या पत्रात आवर्जून लिहा. नाहीतर भाषेची अडचण अक्षमता म्हणून मोजली जाण्याची शक्यता राहते. आठ वर्षांच्या आत पक्कं निदान सहसा करत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. दहावीच्या वर्षात दिवाळीनंतर धावाधाव सुरू होते. जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलतींचे अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातात, आणि त्याआधी प्रमाणपत्र हातात लागतं. आठवीतच सुरुवात करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे या सवलती त्या मुलाचा हक्क आहेत, शाळेची मेहेरबानी नाही. हे पालकांना समजावणं हेही समुपदेशनच.

फाइल आणि मुलाखत

फाइलमधला क्रम: अर्ज, एक पानी माहिती, पदव्या आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, तासांच्या वहीचा गोषवारा पर्यवेक्षकाच्या सहीने, अनुभवपत्रं, पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, आधार-पॅन, आणि शेवटी छोटे कोर्स. २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर राज्यातल्या शाळा चारित्र्य पडताळणीशिवाय माणूस घेत नाहीत, आणि तेच योग्य आहे. मुंबई पोलिसांकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. आधीच काढून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत लावा. पदवीवर एक आडनाव, डिप्लोम्यावर दुसरं आणि आधारवर तिसरंच, यात नेमणूकपत्र आठवडेच्या आठवडे अडकतं. परदेशी पदवी असेल तर समकक्षता प्रमाणपत्र लागेल.

अर्जाचा हंगाम शाळेवर ठरतो. एप्रिलमध्ये वर्ष सुरू करणाऱ्या सीबीएसई शाळा जानेवारी ते मार्च, जूनला उघडणाऱ्या शाळा मार्च ते मे.

मुलाखतीत बहुतेक शाळा सातवी-आठवीच्या वर्गावर एक तासिका घ्यायला सांगतात. राग किंवा चिडवणं असा एकच विषय घ्या, ३५ मिनिटांत एकच कृती, आणि शेवटी मुलांना चिठ्ठीवर लिहायला पाच मिनिटं. स्लाइड्स नेऊ नका, प्रोजेक्टर ऐनवेळी चालत नाही. मग एखादा प्रसंग देतात, उदाहरणार्थ “नववीतली मुलगी हातावर कापून घेते, पण घरी सांगू नका म्हणते.” इथे पालकांना कळवण्याआधी मुलीशी काय बोलाल, कोणाला कोणत्या क्रमाने कळवाल, काय लिहून ठेवाल हे शाळेला ऐकायचं असतं. ‘मी तिला समजावेन’ या उत्तरावर उमेदवार बाद होतात.

तुम्हीही तीन प्रश्न विचारा. बोलण्यासाठी दार बंद होणारी खोली मिळेल का? नोंदींचं कपाट कुलपाचं असेल आणि किल्ली कोणाकडे? आणि गैरहजर शिक्षकांच्या जागी आठवड्यात किती तासिका घ्याव्या लागतील? तिसऱ्याचं उत्तर नेमणूकपत्रात लिहून घ्या. बदली तासिकांमध्ये समुपदेशकाचा आठवडा कसा संपतो हे मुंबईतल्या कुठल्याही शाळेत बघायला मिळतं. शिवाय सकाळी वर्गात ओरडणारी व्यक्ती दुपारी विश्वासाची कशी व्हायची?

रुजू झाल्यावर

पहिल्या दोन आठवड्यांत मुलांना खोलीत बोलावू नका. वर्गावर्गात दहा मिनिटं जा, तुम्ही कोण आणि मुलांनी कधी यायचं ते सांगा. ‘वाईट मुलांना पाठवतात ती खोली’ अशी ख्याती एकदा झाली की वर्षभर जात नाही. म्हणून पहिली काही मुलं शिक्षकांनी पाठवलेली नसावीत, स्वतःहून आलेली असावीत, असं वेळापत्रक ठेवा: मधल्या सुट्टीत वीस मिनिटं दार उघडं.

खोलीत दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या, मध्ये टेबल नाही, कागद आणि रंग, भिंतीवर घड्याळ तुम्हाला दिसेल असं, आणि दाराला काचेची छोटी पट्टी. आवाज बाहेर जाऊ नये, पण आत कोण आहे ते दिसावं. यात मुलाची सुरक्षितता आहे आणि तुमचीही.

पालकांसाठी संमतीपत्र मराठीत, एका पानाचं आणि वाचता येईल अशा अक्षरात छापून घ्या. मुलांची माहिती साठवायची तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती मागतो, म्हणून नोंदी मोबाइलमध्ये किंवा शिक्षकांच्या ग्रुपवर कधीही ठेवू नका. आणि पर्यवेक्षण नोकरी लागल्यावर थांबवू नका. महिन्यातून दोनदा, स्वतःच्या खर्चाने का होईना, वही घेऊन जाऊन बसा.